पाच वॅटचे चाळीस वॅट: घरी पहिला एचएफ अ‍ॅम्प्लिफायर बांधताना

हौशी रेडिओवाल्यांच्या, म्हणजे हॅम लोकांच्या, सकाळच्या नेटवर (हवेतल्या ठरलेल्या गप्पांत) तुम्ही चाळीस मीटरला (७ मेगाहर्ट्झच्या बँडवर) तीनदा कॉल देता आणि समोरून एवढंच येतं, 'कोणीतरी आहे ओएम, पण अगदी तळाला.' (ओएम म्हणजे हॅम लोकांतलं 'मित्रा'.) तुमच्या हातात पाच-सात वॅटचा रिग (रेडिओ संच) असतो, ऐकू सगळं येतं, पण तुमचं कोणाला पोचत नाही. मग डोक्यात अ‍ॅम्प्लिफायर शिरतो.

माझ्या डोक्यात तो शिरला त्यानंतरच्या पहिल्या महिन्यात मी सहा ट्रान्झिस्टर जाळले. एक दुकानातूनच खोटा आला होता. उरलेले पाच गेले ते एकाच कारणाने, वॅटचा आकडा बघायची मला घाई झाली होती. म्हणून खालचा क्रम तुम्हाला उलटा वाटेल. सप्लाय, डमी लोड (चाचणीसाठी अँटेनाच्या जागी लावायचे रेझिस्टर) आणि फिल्टर आधी, अ‍ॅम्प्लिफायर त्यानंतर, आणि अँटेना सगळ्यात शेवटी. हा क्रम मोडू नका.

आपण बांधणार आहोत तो फक्त चाळीस मीटरचा, दोन आयआरएफ५१० मॉसफेट ट्रान्झिस्टरचा, पुश-पुल (दोघं आळीपाळीने काम करणारे), २४ व्होल्टवर चालणारा. हाच ट्रान्झिस्टर का? स्वस्त आहे, २४ व्होल्टला हात लागून माणूस मरत नाही, आणि अश्हर फरहान यांच्या बिटएक्स या घरी बांधायच्या रेडिओमुळे आपल्याकडच्या अनेक हॅमच्या तो ओळखीचा आहे. बिटएक्स-४० च्या फायनलला (शेवटच्या टप्प्याला) हाच बसतो. खरं तर हा स्विचिंगसाठी बनवलेला मॉसफेट, रेडिओसाठी नव्हे. पण ७ मेगाहर्ट्झवर निमूटपणे काम करतो.

अपेक्षा आधीच सांगून ठेवतो. ५ वॅटचे ४० वॅट म्हणजे ९ डीबी (डेसिबल), म्हणजे समोरच्याच्या सिग्नल मीटरवर दीड एस-युनिट, दीड पायरी. तळातून उचलून ऐकू येण्याजोगं व्हायला तेवढं पुरतं, चमत्कार मात्र होत नाही. तुमचा डायपोल (तारेचा अँटेना) गच्चीच्या कठड्याला दोन मीटरवर लोंबत असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि आधी बांबू आणा.

१. परवान्याचा कागद पुन्हा वाचा

एएसओसी (हौशी रेडिओ स्टेशन चालवण्याच्या प्रमाणपत्राची) परीक्षा, मग स्टेशनचा परवाना आणि कॉलसाइन (स्टेशनचं ओळखनाव), हे सगळं हातात असल्याशिवाय अँटेनाला काहीही जोडायचं नाही. पण परवाना आहे त्यांनीही तो पुन्हा काढून वाचावा. रिस्ट्रिक्टेड ग्रेडची पॉवर मर्यादा जनरलपेक्षा बरीच खाली असते. आणि मर्यादा कोणत्या शब्दांत दिली आहे ते बघा: बाहेर पडणारी पॉवर की शेवटच्या टप्प्याला दिलेली डीसी पॉवर? आपला अ‍ॅम्प्लिफायर ४० वॅट बाहेर देताना आत ७० च्या वर घेतो. व्हीयू३ वाल्यांनी (म्हणजे रिस्ट्रिक्टेड ग्रेडच्या कॉलसाइनवाल्यांनी) हा हिशोब कागदावर मांडूनच पुढे जावं.

चाळीस मीटर आपल्याकडे ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ. बाहेरच्या देशातला कोणी ७.२५ वर बोलताना ऐकू आला म्हणून तिथे उत्तर द्यायचं नाही.

२. सामान

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली पासोड्या विठोबाची बाजू. टोरॉइड (तार गुंडाळायचे कडीच्या आकाराचे गाभे) आणि फेराइट कोर मात्र बहुतेक वेळा ऑनलाइनच मागवावे लागतात, तेव्हा ते आधी मागवा. बाकी सगळं एका फेरीत मिळतं.

आयआरएफ५१० चार नग घ्या, दोन बसवायला आणि दोन जाळायला. टीओ-२२० चे अभ्रकाचे वॉशर आणि प्लॅस्टिकचे बुश, थर्मल पेस्ट, पंख लावलेला मोठा अ‍ॅल्युमिनियम हीट सिंक, १२ व्होल्टचा संगणकातला पंखा. एक फूटभर कॉपर क्लॅड (तांब्याचा थर असलेला) बोर्ड. टी-६८-२ चे तीन लाल टोरॉइड, एफटी-५०-४३ एक, एफटी-८२-४३ एक, आणि दोन भोकांचा बीएन-४३-३३१२ एक. सिल्व्हर मायकाचे ५०० व्होल्टचे कपॅसिटर, २७० पिकोफॅरडचे दोन आणि ६८० चे दोन. ०.१ मायक्रोफॅरडचे दहाएक. १० किलोओहमचे मल्टिटर्न प्रीसेट दोन, २७ ओहमचे रेझिस्टर दोन, ७८०५ एक, १२ व्होल्टचे दोन-खांबी रिले दोन, बीसी५४७, १एन४००७. पॅड (पॉवर कमी करणारी जोडणी) आणि डमी लोडचे रेझिस्टर पुढे त्या-त्या ठिकाणी सांगतो.

हत्यारांत ६० वॅटचा सोल्डरिंग आयर्न हवाच. कॉपर क्लॅडवर २५ वॅटचा आयर्न नुसता गरम होतो, झाळ वितळत नाही. दोन मल्टिमीटर असतील तर फार सोय होते. आणि ट्रकच्या इंडिकेटरचा एक बल्ब आणा, २४ व्होल्ट, २१ वॅट. स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतो. तो कशाला ते कळेलच.

खोटे ट्रान्झिस्टर ओळखायची एक साधी चाचणी आहे. आकड्याची बाजू तुमच्याकडे धरली की डावीकडून गेट, ड्रेन, सोर्स. गेट आणि ड्रेन एकमेकांना जोडा, १ किलोओहममधून १२ व्होल्ट द्या, सोर्स ऋण टोकाला. आता गेट-सोर्समध्ये व्होल्टेज मोजा. २ ते ४ व्होल्टच्या टापूत काहीतरी यायला हवं. शून्य किंवा १२ आलं तर तो नग परत द्या. चारही नगांचे आकडे त्यांच्यावर पेनाने लिहा आणि सगळ्यात जवळची जोडी निवडा, ०.१ व्होल्टपेक्षा जास्त फरक नको.

३. पॉवर सप्लाय

दोन वाटा आहेत. २४ व्होल्ट ५ अँपिअरचा जाळीच्या पेटीतला एसएमपीएस आणा, किंवा १८ व्होल्ट ५ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर, ३५ अँपिअरचा ब्रिज आणि १०,००० मायक्रोफॅरड ५० व्होल्टचा कपॅसिटर घेऊन स्वतः बांधा. एसएमपीएस स्वस्त आणि हलका, पण त्यातले बरेचसे चाळीस मीटरवर इतका खरखराट करतात की पाठवायची पॉवर वाढते आणि ऐकू यायचं बंद होतं. माझं मत ट्रान्सफॉर्मरला. चार किलोचा असला तरी टेबलाखाली जातो, आणि विनालोड २६-२७ व्होल्ट दाखवला तरी घाबरू नका, लोडवर खाली येतो.

मेनच्या बाजूला तडजोड नको. तीन पिनचा प्लग, फेजमध्ये स्विच आणि १ अँपिअरचा स्लो फ्यूज, पेटीच्या धातूला अर्थची तार स्क्रूने घट्ट. स्क्रूखालचा रंग पॉलिश पेपरने खरवडून काढा, नाहीतर अर्थ रंगाला लागते, पेटीला नाही. जुन्या वाड्यांत आणि कित्येक इमारतींत सॉकेटमधलं तिसरं भोक नुसतं शोभेचं असतं. फेज-अर्थ २३० च्या आसपास आणि न्यूट्रल-अर्थ दोन-चार व्होल्ट दिसलं तर ठीक. नसेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि त्याच फेरीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबीही (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या.

डीसीच्या बाजूला ५ अँपिअरचा फ्यूज, १.५ चौरस मिलिमीटरची तार. लाल-काळा उलटा जोडण्याचा मोह रात्री अकरानंतर होतो, त्यामुळे कनेक्टर असा घ्या जो उलटा बसतच नाही.

मध्येच: व्हॉल्व्हचं काय?

हा प्रश्न हमखास येतो. जुन्या ८११ए व्हॉल्व्हचा (काचेच्या नळीचा) अ‍ॅम्प्लिफायर कोणाकडे तरी पडून असतो आणि तो 'घेऊन जा' म्हणतो. माझं म्हणणं, पहिला म्हणून नको. ८११ए ला हजार-दीड हजार व्होल्ट लागतात. १५०० व्होल्टला भरलेल्या २५ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटर बँकेत २८ जूल साठलेले असतात, छातीतून गेले तर संपलं. बँकेवर १०० किलोओहमचा ब्लीडर (साठा उतरवणारा रेझिस्टर) असेल तर ती बारा-तेरा सेकंदांत उतरते. पण तो ब्लीडर स्वतः २२ वॅट खातो, वर्षानुवर्षं भाजत राहतो, आणि एक दिवस तुटतो. बाहेरून काही कळत नाही. म्हणून प्लग काढला, मिनिटभर थांबलो, एवढ्यावर आत हात घालायचा नसतो. लाकडी किंवा फायबरच्या काठीच्या टोकाला हूक, हुकाला चेसिसला बांधलेली जाड तार, आणि तो हूक आधी एचटीला (उच्च व्होल्टेजच्या टोकाला) लावायचा, काम संपेपर्यंत तिथेच ठेवायचा. दुसरा हात खिशात.

मायक्रोवेव्हमधला ट्रान्सफॉर्मर काढून एचटी बनवायचे सल्लेही मिळतील. नको. त्याच्या सेकंडरीचं एक टोक गाभ्यालाच जोडलेलं असतं, आणि तो दोन हजार व्होल्टला इतका करंट देतो की चूक दुरुस्त करायला माणूस शिल्लक राहत नाही. आणि जुन्या पॉवर ट्रान्झिस्टरचा किंवा सिरॅमिक व्हॉल्व्हचा पांढरा भाग कधी घासू किंवा फोडू नका, काहींत बेरिलियम ऑक्साइड असतं. त्याची धूळ फुप्फुसात गेली तर बाहेर येत नाही.

४. डमी लोड

१ किलोओहम, २ वॅटचे मेटल फिल्म रेझिस्टर वीस नग, समांतर. ५० ओहम, ४० वॅट. कॉपर क्लॅडचे दोन चौकोन घ्या, दोन्हीत वीस-वीस भोकं पाडा, रेझिस्टर मधे उभे करा, खाली एसओ-२३९ सॉकेट. वायरवाउंड रेझिस्टर चालत नाहीत, ते स्वतःच कॉइल असतात. मल्टिमीटरवर ४९ ते ५१ आलं की झालं. पंखा समोर ठेवा.

कोणी डब्यात खोबरेल भरून त्यात बुडवायला सांगेल. मी केलं होतं. डिसेंबरात सकाळी ते गोठलं, आणि नंतर महिनाभर शॅकमध्ये (रेडिओच्या खोलीत) खोबऱ्याच्या वड्यांचा वास होता.

पॉवर मोजायला डमी लोडच्या गरम टोकापासून डायोड, डायोडपुढे ०.०१ मायक्रोफॅरड जमिनीला (म्हणजे सर्किटच्या ग्राउंडला), त्यावर मल्टिमीटर डीसी व्होल्टवर. आलेल्या आकड्यात डायोडचे मिळवा, वर्ग करा, १०० ने भागा, झाले वॅट. ४० वॅटला शिखर ६३ व्होल्टचं असतं. इथे एक सापळा आहे. डायोडवर उलट्या बाजूने याच्या दुप्पट, १२६ व्होल्ट येतात, आणि १एन४१४८ शंभरच्या आसपास मरतो. दोन डायोड एकामागे एक लावा आणि १.२ व्होल्ट मिळवा. मल्टिमीटरच्या एसी रेंजवर आरएफ (रेडिओ वारंवारतेचं व्होल्टेज) मोजायचा प्रयत्न करू नका, आकडा येतो पण त्याला अर्थ नसतो.

५. लो-पास फिल्टर, अ‍ॅम्प्लिफायरच्या आधी

पुश-पुलमध्ये सम हार्मोनिक (मूळ फ्रिक्वेन्सीच्या दुप्पट, चौपट असे नको असलेले सिग्नल) बऱ्यापैकी आपोआप कापले जातात. तिसरा राहतो. ७.१ चा तिसरा म्हणजे २१.३ मेगाहर्ट्झ, थेट पंधरा मीटरच्या हॅम बँडमध्ये, आपल्याच लोकांच्या कानात.

क्रम असा: २७० पिकोफॅरड जमिनीला, मग कॉइल, ६८० जमिनीला, कॉइल, ६८० जमिनीला, कॉइल, २७० जमिनीला. टी-६८-२ वर बाहेरच्या दोन कॉइल १६ वेढ्यांच्या, साधारण १.४ मायक्रोहेन्री, मधली १७ वेढ्यांची, १.७. तार २२ गेजची एनॅमलवाली. वेढा मोजताना नवशिक्या हमखास चुकतो. तार भोकातून एकदा गेली की एक वेढा झाला. बाहेरून मोजलं तर एक कमी भरतो. तारेच्या टोकांचं एनॅमल ब्लेडने नीट खरवडा. वरून झाळ चढलेली दिसते आणि आत संपर्कच नसतो. वेढे कोराच्या घेरावर पाऊणभर पसरवा, सुरुवात आणि शेवट चिकटू देऊ नका. तिन्ही कॉइल एकमेकींशी काटकोनात उभ्या करा.

कपॅसिटर मायकाचेच. दुकानदार 'हेच चालतात' म्हणत पिवळे-तपकिरी सिरॅमिक डिस्क देईल. त्यातले बहुतेक आरएफवर तापतात आणि तापले की किंमत बदलतात.

आता रिग थेट डमी लोडला लावून व्होल्टेज मोजा, मग मधे फिल्टर घालून मोजा. ५ वॅटला बावीस व्होल्टच्या आसपास दिसेल, आणि फिल्टर घातल्यावर एखाद्या व्होल्टपेक्षा जास्त घसरता कामा नये. घसरलं तर वेढे पुन्हा मोजा.

६. ट्रान्झिस्टर हीट सिंकवर

आयआरएफ५१० ची धातूची पाठ म्हणजे ड्रेन, म्हणजे २४ व्होल्ट. हीट सिंक म्हणजे जमीन. मधे अभ्रक. माझा दुसरा ट्रान्झिस्टर इथेच गेला: भोक पाडताना राहिलेली अ‍ॅल्युमिनियमची इतकुशी कुसळ अभ्रकातून आरपार गेली होती. भोकाच्या कडा मोठ्या ड्रिलने हाताने फिरवून साफ करा, बोटाने चाचपून बघा. पेस्ट दोन्ही बाजूंना पातळ, लोणी फासल्यासारखी जाड नको. स्क्रू आवळला की मल्टिमीटर बीपवर ठेवून पाठ आणि हीट सिंक तपासा. आवाज आला तर उघडा.

हीट सिंक किती मोठा? ४० वॅट देताना साधारण ३२ वॅट उष्णता होते, प्रत्येकी १६. ट्रान्झिस्टरच्या आतून पाठीपर्यंत दर वॅटला साडेतीन अंश, म्हणजे ५६ अंश. अभ्रकाचे आणखी पंधराएक. हीट सिंक दर वॅटला एक अंशाचा धरला तर ३२. एप्रिलमध्ये खोलीत ४० अंश असताना बेरीज १४३ वर जाते, आणि मर्यादा १७५ ची आहे. म्हणजे बसतं, पण पंख्यासह. विदर्भात असाल तर हीट सिंक दीडपट घ्या.

७. बोर्ड आणि वायरिंग

छापील बोर्डाची गरज नाही. अख्खं कॉपर क्लॅड म्हणजे जमीन. त्याच बोर्डाचे नखाएवढे तुकडे कापा आणि फेविक्विकने वर चिकटवा, ते झाले जोडणीचे बेट. इनपुट डावीकडे, आउटपुट उजवीकडे, मागे फिरून काहीही यायचं नाही. सोर्सचे पाय शक्य तितके आखूड, अर्धा सेंटिमीटर, थेट तांब्यावर.

इनपुट ट्रान्सफॉर्मर: एफटी-५०-४३ वर दोन तारा पिळून १० वेढे. एक तार रिगकडून, तिचं दुसरं टोक जमिनीला. दुसऱ्या तारेची दोन टोकं ०.१ मधून दोन गेटांना. प्रत्येक गेटाच्या पायातच एक फेराइट मणी ओवा. गेटपासून २७ ओहम त्याच्या बायसच्या (गेटला द्यायच्या स्थिर व्होल्टेजच्या) बेटावर, आणि त्या बेटावरून ०.१ जमिनीला.

ड्रेनला २४ व्होल्ट देणारा चोक: एफटी-८२-४३ वर १० वेढे, दोन रंगांच्या तारा एकत्र. लाल तारेचं शेवटचं टोक काळ्या तारेच्या पहिल्या टोकाला जोडा, तिथे २४ व्होल्ट. उरलेली दोन टोकं दोन ड्रेनांना. दोन्ही पहिली टोकं एकत्र जोडलीत तर डीसी नीट मिळतं, सगळं बरोबर वाटतं, पण आरएफला तो चोक शॉर्ट असतो. आउटपुट दोन वॅट आणि ट्रान्झिस्टर तव्यासारखे. दोन रंग वापरा म्हणतो ते याचसाठी. २४ व्होल्टच्या बेटावर ०.१ आणि ४७ मायक्रोफॅरड ५० व्होल्टचा लावा.

आउटपुट ट्रान्सफॉर्मर: बीएन-४३-३३१२ मध्ये प्रायमरी २ वेढे ड्रेन ते ड्रेन, सेकंडरी ३ वेढे. दोन भोकांच्या कोरात एका भोकातून जाऊन दुसऱ्यातून परत आलं की एक वेढा. टेफ्लॉनची तार घ्या, पीव्हीसी वितळतं. ५० ओहम असे ड्रेनांना २२ ओहम दिसतात, आणि २४ व्होल्टवर २२ ओहमला साधारण ४० वॅटच निघतात. हा आकडा त्यातून आलेला आहे, तेव्हा १३.८ व्होल्टवर हाच बोर्ड लावून 'माझे बाराच का येतात' असं विचारू नका.

८. रिले आणि पीटीटी

दोन रिले, एक इनपुटला आणि एक आउटपुटला. वीज नसताना रिग थेट अँटेनाला जोडलेला राहिला पाहिजे. १२ व्होल्टच्या दोन सारख्या कॉइल मालिकेत जोडल्या की २४ व्होल्टवर चालतात. त्या बीसी५४७ ने ओढायच्या, रिगच्या पीटीटीने (बोलताना दाबायच्या बटणाने) थेट नाही. कित्येक रिगचं ते टोक एवढा करंट सोसत नाही. प्रत्येक कॉइलवर उलटा १एन४००७. हा विसरलात तर रिले सुटतानाचा झटका बीसी५४७ ला नेतो, क्वचित रिगलाही.

बायसच्या ७८०५ ला वीज फक्त पीटीटी दाबल्यावर मिळेल असं करा. नाहीतर ऐकत बसलेले असताना दोन गरम ट्रान्झिस्टर रिसीव्हरमध्ये खसखस टाकत राहतात.

९. बायस

इथे सावकाश. प्रत्येक गेटला वेगळा प्रीसेट: एक टोक ५ व्होल्टला, दुसरं जमिनीला, मधलं गेटच्या बेटाला. त्या मधल्या टोकापासून जमिनीला आणखी एक १० किलोओहम लावा. प्रीसेटचा घसरता संपर्क कधीतरी सुटतोच. सुटला तर हा रेझिस्टर गेटला खाली ओढून धरतो.

रिग सुटा ठेवा. इनपुटला ५० ओहम, आउटपुटला डमी लोड. २४ व्होल्टच्या तारेत मालिकेत तो ट्रकचा बल्ब आणि अँपिअरमीटर. दोन्ही प्रीसेट पूर्ण खाली, आणि 'खाली' म्हणजे मल्टिमीटरने गेटवर शून्य बघून. प्रीसेट कोणत्या बाजूला फिरवला यावर विश्वास ठेवू नका. पीटीटी दाबा. बल्ब लख्ख पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे, पण बल्ब अँपिअरच्या वर जाऊ देत नाही, त्यामुळे काही जळत नाही. बंद करा, शोधा.

अंधारा राहिला तर रिलेचा करंट लिहून घ्या. आता एक प्रीसेट हळूहळू चढवा. बराच वेळ काहीच होत नाही. अडीच व्होल्ट, तीन, सव्वातीन, मीटर ढिम्म. मग पाव वळणात १०, ४०, ९० मिलिअँपिअर. माझा पहिला ट्रान्झिस्टर या 'काहीच होत नाही' मध्ये गेला, कारण मी कंटाळून दोन वळणं एकदम फिरवली, आणि तेव्हा बल्बही लावला नव्हता. रिलेच्या वर १०० मिलिअँपिअर झाले की थांबा. दुसरा प्रीसेट, आणखी १००. आता पीटीटी पाच मिनिटं दाबून ठेवा आणि मीटर बघत राहा. तापल्यावर करंट चढतो. २०० चे २३०-२४० झाले तर पुन्हा खाली आणा. चढतच राहिला तर अभ्रकाखाली पेस्ट नीट बसलेली नाही.

हे चालू असताना डमी लोडवरच्या मीटरवरही डोळा ठेवा. ड्राइव्ह (रिगकडून आत येणारी पॉवर) नसताना तिथे व्होल्टेज दिसलं किंवा हात जवळ नेल्यावर करंट उडाला, तर अ‍ॅम्प्लिफायर स्वतःच गातोय, म्हणजे आपला आपणच सिग्नल बनवतोय. इनपुट आणि आउटपुटच्या तारा एकमेकींपासून दूर करा, सोर्सचे पाय आखूड करा, मणी ओवलेत का बघा.

१०. ड्राइव्ह, मोजून

या अ‍ॅम्प्लिफायरला दीड वॅटच पुरतं. ७ वॅटचा रिग थेट लावला तर गेटवरचं शिखर १७ व्होल्टच्या घरात जातं, आणि गेट २० व्होल्टला फुटतं. माइकमध्ये एक शिंक आणि दोन्ही गेले. म्हणून मधे ६ डीबीचा पॅड: रिगच्या बाजूला जमिनीला १५० ओहम, मालिकेत ३७.५, अ‍ॅम्प्लिफायरच्या बाजूला जमिनीला १५०. पहिला १५० म्हणजे ३०० चे दोन समांतर, मधला ७५ चे दोन समांतर, शेवटचा एकच, सगळे २ वॅटचे मेटल फिल्म. पॅड रिले आणि इनपुट ट्रान्सफॉर्मरच्या मधे बसवा, नाहीतर ऐकण्यातलेही ६ डीबी जातील.

बल्ब काढा. पहिल्या वेळी रिगची पॉवर कमी करा, किंवा तसाच आणखी एक पॅड घाला. सीडब्ल्यूवर (मोर्सवर) दोन-दोन सेकंदांची डॅश द्या. १० वॅटच्या आसपास आणि दीड अँपिअर दिसलं की मार्ग बरोबर. मग पूर्ण ड्राइव्ह: ३५ ते ४० वॅट, ३ अँपिअर. ड्राइव्ह वाढवूनही आउटपुट वाढत नसेल तर तिथून मागे या. त्याच्या वर जे जातं ते आवाजाच्या दोन्ही बाजूंना पसरतं, आणि शेजारच्या फ्रिक्वेन्सीवरचा ओएम तुमचं कॉलसाइन लक्षात ठेवतो.

एफटी८ (संगणकावरून चालणारी डिजिटल पद्धत) साठी हे आकडे निम्मे करा. तिथे पंधरा सेकंदांच्या प्रत्येक पाळीत सलग तेराएक सेकंद पूर्ण पॉवर जाते. बोलण्यासारखी मधे उसंत नसते.

११. अँटेना

७.१ मेगाहर्ट्झच्या डायपोलला साधारण २० मीटर तार लागते. अ‍ॅम्प्लिफायर बंद ठेवून रिगवर एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती पॉवर परत येते त्याचं माप) बघा. २ च्या वर असेल तर अ‍ॅम्प्लिफायर चालू करायचा नाही. अँटेना न जोडता पीटीटी दाबायचा नाही हे सांगायची गरज नाही असं वाटतं, पण माझे शेवटचे तीन तसेच गेले, त्यातला एक पाहुण्यांना दाखवताना.

डायपोलच्या टोकांना शेकडो व्होल्ट असतात. गच्चीवर मुलं पतंग उडवतात, बायका पापड वाळत घालतात. टोकं हाताला लागणार नाहीत इतकी वर बांधा. फीडपॉइंटला (केबल अँटेनाला जोडते तिथे) कोअ‍ॅक्स केबलचे काही वेढे फेराइटवर घाला, नाहीतर खालच्या मजल्यावरचे काका टीव्ही घेऊन वर येतील. आणि वळवाच्या दिवसांत, परत ऑक्टोबरात, आभाळ भरलं की कोअ‍ॅक्स काढून खिडकीबाहेर. रिगच्या मागून नुसती सुटी करून टेबलावर ठेवू नका.

पहिल्या कॉलला ओळखीचा ओएम गाठा. अर्धा मिनिट अ‍ॅम्प्लिफायर बंद ठेवून बोला, अर्धा मिनिट चालू ठेवून, आणि कधी काय होतं ते त्यांना सांगू नका. दीड एसचा फरक सांगितला तर काम झालं. अर्धाच सांगितला, आणि डमी लोडवर मात्र ४० वॅट येत असतील, तर अ‍ॅम्प्लिफायर उघडू नका. आधी गच्चीवर जा आणि कोअ‍ॅक्सच्या कनेक्टरमध्ये पावसाचं पाणी शिरलंय का ते बघा.